सहावं नाव

मल्लेश्वरममधल्या त्या कॉलेजात घंटा म्हणजे आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा. जांभळाच्या फांदीला साखळीनं टांगलेला. तो वाजवायचा हातोडा बावीस वर्षं देवाप्पाच्या हातात होता. ऑफिसातलं घड्याळ मागं पडेल, पण देवाप्पा पडणार नाही, असं प्राध्यापक म्हणत. एकाच तासाला तो थोडी लबाडी करी. मागच्या अंगाच्या नऊ नंबरच्या खोलीत दुपारी तीनला मराठीचा तास असे. हयवदनराव मास्तर अर्ध्यावर आलेली ओळ टाकून कधी उठत नसत, आणि ती ओळ घंटेनं तोडायला देवाप्पाचा हात उठत नसे. मग तास दोन मिनिटं लांबे, कधी तीन. मास्तरांना हे कळत होतं. जाता जाता फक्त एकदा त्याच्याकडे बघून हसत.

या खोलीशी देवाप्पाचं नातं जडलं त्याला सात वर्षं झाली होती. तोवर तो निरक्षर होता. पगाराच्या पुस्तकात अंगठा उठवी आणि शाई डोक्याच्या केसांना पुसून टाकी. निपाणीकडच्या एका खेड्यातून चौदाव्या वर्षी मामाबरोबर बंगळूरला आलेला माणूस. आईला सांगून आला होता की दिवाळीला येतो. आल्या साली गेला नाही, पुढच्या साली गेला नाही, आणि तिसऱ्या साली जायची गरजच उरली नाही.

एके दिवशी तासाला हयवदनरावांनी मुलांना विचारलं, "तुमच्या आया, आज्या जात्यावर काय म्हणायच्या? एक तरी सांगा." पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली. घरात चक्कीचं पीठ येणारी पोरं ती. दाराबाहेर स्टुलावर बसलेल्या देवाप्पाला काय झालं कोण जाणे. तो उठून उंबऱ्यात आला आणि म्हणाला, "मास्तर, आमची आई एक म्हनायची." आणि त्यानं ती चालीवर म्हटली:

दारावरनं माझ्या गं, गेली ओळ पावलांची
पुसू नको रं वाऱ्या, खूण माझ्या बाळाची

हयवदनरावांनी खडू उचलला आणि ती ओवी मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहिली. मग वळून म्हणाले, "ही बघ, देवाप्पा. तुझी आई."

तास सुटला. फळे पुसणं हेही देवाप्पाचंच काम. डस्टर हातात धरून तो त्या पांढऱ्या रेघांपुढे उभा राहिला. आईचे शब्द होते, आणि ते त्याला ओळखू येत नव्हते. परक्या माणसासमोर उभं राहावं तसा तो तिच्यासमोर उभा होता. फळा न पुसताच तो मास्तरांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "यातलं 'बाळ' कंचं, तेवढं दाखवा."

त्या एका शब्दापासून सुरुवात झाली. रोज जेवणाच्या सुट्टीत, नऊ नंबरच्या खोलीत अर्धा तास. चाळिशीच्या माणसाची बोटं, रुळावर हातोडा मारून दगड झालेली. 'ळ' काढताना पाटीवर पेन्सिल मोडायची. वर्ष-दीड वर्षात तो वाचू लागला, आणि मग दाराबाहेरच्या स्टुलावर बसून तास ऐकण्यात त्याला वेगळीच गोडी लागली. कॉलेजात पंधरा खोल्या होत्या, पण त्याचं कॉलेज त्या एकाच खोलीत होतं.

तर एकसष्ट सालच्या जूनअखेर नोटीस लागली. ज्या विषयाला पहिल्या वर्षाला सहापेक्षा कमी विद्यार्थी असतील तो विषय बंद होईल. मुदत एकतीस जुलै. वरच्या वर्गांतल्या मुलांची सोय दुसऱ्या कॉलेजात केली जाईल. नऊ नंबरची खोली रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला जोडण्यात येईल. नोटीस इंग्रजीत होती. कारकुनानं ती वाचून दाखवली तेव्हा देवाप्पानं एवढंच विचारलं, "मराठीला किती हाईत?"

"दोन."

हयवदनराव कुणाच्या दारात जाणाऱ्यांतले नव्हते. ते म्हणाले, "यायचे ते येतील." देवाप्पाला हे पटलं नाही. गिऱ्हाईक आपसूक येतं म्हणून दुकान उघडून बसणाऱ्यांची दुकानं त्यानं बंद पडताना पाहिली होती. त्यानं रविवार धरले. खाकी कोट इस्त्री करून घातला आणि मराठी घरं पालथी घालू लागला. श्रीरामपूर, चिक्कपेट, कॉटनपेट. जुनी शेकडो वर्षांची घरं, आणि राज्यं नव्यानं मांडल्यावर बेळगाव, चिकोडीकडून नोकरीला आलेली नवी घरं. कुणी पाणी दिलं, कुणी दारातच बोलून वाटेला लावलं. "विमानाच्या कारखान्यात मराठी विचारतात काय रे?" असं एकानं विचारलं. तरीही तीन रविवारांत त्यानं तीन नावं मिळवली. त्यांतला कृष्णात नावाचा पोरगा सरकारी कचेरीतल्या चुलत्याकडे राहून शिकत होता, आणि तो स्वतः होऊन म्हणाला, "मला गावाकडचं ऐकाया मिळंल तिथं?" देवाप्पा म्हणाला, "मिळंल. माझी हमी."

दोन आणि तीन पाच झाले. सहावं नाव हवं होतं.

जुलैचा शेवटचा रविवार आला, तीस तारीख. सकाळची भुरभूर चालू होती. देवाप्पा चिक्कपेटेत गोदूबाईंच्या घरी गेला. खाली शिवणकामाचं दुकान, वर घर. नवरा मशीनवर, गोदूबाई काजं करत बसलेल्या. त्यांचा मुलगा विश्वेश्वर त्या साली पी.यू.सी., म्हणजे डिग्रीच्या आधीचं वर्ष, पास झाला होता आणि अजून कुठं नाव घातलं नव्हतं.

"या, देवाप्पाण्णा. बसा. स्वल्प कॉफी घ्या."

"कॉफी ऱ्हाऊ द्या अक्का. एक मागणं घिऊन आलोय." आणि त्यानं सगळं सांगितलं.

गोदूबाईंनी सुई थांबवली. "मराठी? ती तर आम्ही घरात बोलतोच की. कॉलेजात जाऊन काय शिकायची? उद्या म्हणाल, श्वास घ्यायला कॉलेजात पाठवा."

"अक्का, हातशिलाई सगळ्या घरांत येती. मग गिऱ्हाईक तुमच्याकडं का येतंय?"

मशीनवरचा नवरा हसून म्हणाला, "हे बरं मापात बसवलं बघ."

"तुम्ही पाय हलवा, तोंड नको." गोदूबाई नवऱ्याला म्हणाल्या. मग कॉफीचा पेला देवाप्पापुढे ठेवत त्यांनी सहज विचारलं, "तुमची अनुसूयाही यंदा डिग्रीला गेली म्हणे. तुमच्याच कॉलेजात. ती कशाला आहे?"

देवाप्पानं पेल्याकडे बघितलं. "सायन्सला."

"सरी, बरं," गोदूबाई म्हणाल्या आणि सुई पुन्हा उचलली. "म्हणजे तुमच्या पोरीला भाकरी, आणि आमच्या पोराला ओव्या."

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. कॉफीवर साय धरली तरी पेला तसाच होता. त्यानं हात जोडले आणि तो जिना उतरला.

चिक्कपेटेपासून श्रीरामपुरातल्या आपल्या घरापर्यंत तो चालत आला. जूनमधली ती सकाळ त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. अनुसूयेचा प्रवेशाचा कागद. ती दोनदा म्हणाली होती, "अप्पा, मला भाषा घ्यायची आहे, इतिहास घ्यायचा आहे." त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. बावीस वर्षं दारात बसून त्यानं काय पाहिलं होतं? प्रयोगशाळेतून बाहेर पडलेली पोरं चार वर्षांनी फटफटीवरून यायची. नऊ नंबरातून बाहेर पडलेली पोरं चार वर्षांनी चालत यायची, चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागायला. आपली पोर चालत येऊ नये असं त्याला वाटलं. कागद इंग्रजीत होता. कोणत्या चौकटीत खूण करायची ते त्यानं कारकुनाला विचारलं, तिथं खूण केली, आणि पालकाच्या सहीच्या जागी, पालक म्हणून पहिल्यांदाच, अंगठा न उठवता स्वतःच्या हातानं लिहिलं: देवाप्पा. कारकुनानं तोंडभर कौतुक केलं होतं. त्या दिवशी देवाप्पा छाती फुगवून घरी आला होता. मास्तरांनी ज्या खोलीत अक्षरं दिली, त्याच खोलीला आपण त्या अक्षरांनी कडी घातली, हे त्याच्या ध्यानात आज येत होतं.

घरी अनुसूया मागच्या दारी हात चोळत बसली होती. बोटांची टोकं काळी पडली होती.

"हे काय गं?"

"काल प्रयोगाचं द्रावण सांडलं, अप्पा. लागताना पाण्यासारखं दिसतं, उन्हात गेलं की काळं होतं. साबणानं जात नाही. आठ दिवस राहतं म्हणे." बोलताना तिचे डोळे चमकत होते.

देवाप्पा तिच्याशेजारी पायरीवर टेकला. "अनू, मराठीला पाच नावं झाली. उद्याचा दिस शेवटचा. विषय बदलाया बी उद्याचाच दिस हाय."

आतून तानूबाई, त्याची बायको, म्हणाली, "घ्या! साऱ्या गावाला बोलावणं दिलं, आणि घरच्या नवरीला आज अक्षता."

अनुसूया हसली नाही. हात पदराला पुसत म्हणाली, "तुम्ही किती घरं फिरलात, अप्पा?"

"धा-बारा असतील."

"मला विचारलं नाहीत. जूनमध्ये मी दोनदा म्हटलं."

"व्हय."

"तेव्हा दोन दिवस रडले मी. आईला ठाऊक आहे. मग म्हटलं, झालं ते झालं. पहिले दहा दिवस काही कळत नव्हतं. आता कळायला लागलंय. मोरचुदाचा निळा खडा वाढवतेय मी. दोऱ्याला टांगून ठेवायचा असतो, रोज जाऊन बघायचा. तो वाढतो, अप्पा. कुणी काही न करता." तिनं काळी बोटं पुन्हा चोळली. "तुम्ही म्हणाल तर उद्या नाव बदलते. खोटं नाही सांगत, बदलीन. पण मग ते तुमच्यासाठी होईल."

सहावं नाव त्याच्या हाताशी, पायरीवर बसलं होतं. नुसतं 'बदल' म्हणायचं होतं. ती ऐकणारी पोर होती, हेच तर अवघड होतं. एकदा तिच्या वतीनं आपण सही केली. आता दुसऱ्यांदा करायची का?

"तो खडा," देवाप्पा म्हणाला, "केवढा झालाय?"

"बोराएवढा."

"वाढू दे." तो उठला. "मी जरा पडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हयवदनरावांपुढे उभा राहिला. "मास्तर, सहावं नाव घरात हुतं. मी आणलं न्हाई. आधी मीच ते दुसरीकडं धाडलं, आणि आता माघारी बोलवाया जीभ रेटली न्हाई. तुमचा मोठा गुन्हेगार मी."

हयवदनरावांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला. "देवाप्पा, माझा मुलगा कशाला आहे, ठाऊक आहे ना?"

"डाक्टरकीला."

"मग? मी कुठं त्याला इथं बसवला? आपण दोघं एकाच पिंजऱ्यातले." आणि ते एवढ्या मोठ्यानं हसले की बाहेरून जाणारा कारकून डोकावला. हसून झाल्यावर ते खिडकीबाहेर बघत राहिले. "पूल बांधणारे हवेत, औषध देणारे हवेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एखादा माणूस दारात उभा राहून चुकून आपल्या आईचं काही बोलून गेला, तर ते ऐकून फळ्यावर मांडणारा आणि त्यात काय आहे ते बघणारा एक तरी माणूस या गावात असावा. तो आपोआप होत नाही. शिकवावा लागतो. एवढंच माझं म्हणणं होतं." मग चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "तीनचा तास आहे. घंटा वेळेवर दे."

तीनला घंटा झाली. पाच मुलं आत गेली. सहाव्या जागेवर, खिडकीजवळच्या बाकाच्या टोकाला, कुणीच नव्हतं. देवाप्पा स्टुलावर बसला. झाडांवरून पाणी ठिबकत होतं.

हयवदनरावांनी पुस्तक उघडलं नाही. खडू घेऊन त्यांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. देवाप्पाला त्या वाचायला मान वळवावी लागली नाही. खडूच्या आवाजावरून त्यानं 'पावलांची' ओळखलं.

"ही ओवी सात वर्षांपूर्वी या वर्गाला दारातून मिळाली," मास्तर म्हणाले. "आज एवढीच बघायची. ही आई मुलाला 'परत ये' म्हणत नाही. बघा पुन्हा. कुठंच म्हणत नाही. ती बोलते कुणाशी? वाऱ्याशी. का बरं?"

कुणी म्हणालं, वारा सगळीकडे जातो म्हणून. कुणी म्हणालं, तशी पद्धतच असते ओव्यांची. मास्तर मान हलवत होते, पण पुढे जात नव्हते. मग कृष्णातचा आवाज आला, थोडा चाचरत, "सर, पोरगं ऐकाया हाय कुठं? ते गेलंय. वारा तरी जवळ हाय. जो हाय त्याच्याशीच बोलणार की माणूस."

"बरोबर," मास्तर म्हणाले. "आणि वाऱ्याकडे ती मागते काय? मुलगा नाही मागत. खूण मागते. म्हणजे तिनं काय ओळखलंय?"

आतलं उत्तर देवाप्पाला ऐकू आलं नाही. गाव सोडायच्या आधीच्या दिवसांत आई पहाटे जात्यावर म्हणायची ती ही ओवी त्याच्या तोंडात तेहेतीस वर्षं होती. ती त्यानं पाटीवर शंभरदा गिरवली होती. पण आपण घरातच असताना आई वाऱ्याशी बोलत होती म्हणजे तिच्या लेखी आपण गेलोच होतो, हे त्याला कधी दिसलं नव्हतं. ती मुलगा मागत नाही म्हणजे तिनं तेव्हाच ओळखलं होतं. दिवाळीला येतो असं सांगून तो उंबरा ओलांडत होता, तेव्हाही तिला ते ठाऊक होतं. आणि तरी डब्यात दिवाळीपर्यंत टिकतील म्हणून लाडू बांधून दिले होते. स्टुलावर बसून देवाप्पा त्या डब्याचं झाकण, त्यावरचा पोचा, बांधलेलं फडकं बघत राहिला.

चारला दहा मिनिटं कमी असताना घंटेची वेळ झाली. होऊन गेली.

शेजारच्या खोलीतल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी दोनदा मनगट बघितलं आणि पुन्हा शिकवायला लागले. वरच्या मजल्यावर कुणी बाक सरकवला. पण घंटा नाही म्हणजे वेळ झालेली नाही. बावीस वर्षांत सगळ्या कॉलेजला हीच सवय लागली होती. पंधरा खोल्या आपापल्या जागी थांबून राहिल्या, आणि नऊ नंबरातला तास चालत राहिला.

"अप्पा!"

अनुसूया समोर उभी होती. प्रयोगशाळेतून धावत आली होती, हातात प्रयोगवही. "अप्पा, घंटा! चार वाजून दहा मिनिटं झाली. सगळे विचारताहेत, देवाप्पाला बरं नाही का म्हणून."

तो दचकून उठला. स्टूल पडलं. दाराच्या चौकटीत हयवदनराव उभे होते. त्यांनी खडूचा हात झटकला आणि हलकेच मान हलवली, जा म्हणून.

देवाप्पानं जांभळाखाली जाऊन हातोडा उचलला. वीस मिनिटं उशिरानं घंटा झाली. प्रिन्सिपॉल व्हरांड्यात आले होते. "काय झालं, देवाप्पा?"

"इसरलो साहेब."

साहेबांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ते आत गेले.

तो परत आला तेव्हा वर्ग रिकामा झाला होता. मास्तरही गेले होते. उद्या सुतार येऊन बाकं हलवणार होते. त्यानं सवयीनं डस्टर उचललं, आणि मग त्याला अनुसूया दिसली. ती खिडकीजवळच्या बाकावर, टोकाच्या जागेवर बसून फळा वाचत होती.

"ही तुमच्या आईची, अप्पा?"

"व्हय."

"मला कधी म्हणाला नाहीत."

"तुला म्होरलं दिसावं असं वाटत हुतं. मागलं कशाला..." त्यानं डस्टर या हातातून त्या हातात घेतलं.

अनुसूयेनं प्रयोगवही उलटी केली, शेवटचं पान उघडलं आणि काळ्या बोटांनी दोन्ही ओळी उतरवून घेतल्या. मग विचारलं, "म्हणायच्या कशा या? चाल काय होती?"

देवाप्पानं तोंड उघडलं. शब्द आले. शब्दांमागून काही आलं नाही. त्यानं पुन्हा सुरुवात केली. ओवी पाठ म्हणावी तशी सपाट बाहेर पडली. "जात्याच्या आवाजावर हुती ती," तो म्हणाला. "जातं फिरंल तशी. मी म्हनायचो की. तवा म्हनली हुती, ह्या दारात." त्यानं दाराकडे बघितलं. "गिरवता गिरवता कवा गेली, कळलं न्हाई बघ."

अनुसूयेनं त्या ओळींखाली एक रेघ ओढली. "आणखी आहेत का?"

"चार-पाच आठवतील."

"मग सांगा. लिहून घेते."

"शेवटची घंटा ऱ्हायलीय. ती दिऊन येतो."

"सरी. मी थांबते."

डस्टर खिडकीत ठेवून तो बाहेर आला. ऑफिसातलं घड्याळ बघितलं. अजून नऊ मिनिटं होती. हातोडा घेऊन तो जांभळाखाली उभा राहिला आणि ओठांतल्या ओठांत चाल शोधू लागला. एकदा पहिला सूर लागल्यासारखा वाटला. त्यानं श्वास रोखला. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, फांदीवरचं पाणी रुळावर टपटपलं, आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.